पेंडुरकरांची पट्टी आणि दोन फोड

सिल्व्हर पार्कमधल्या त्या सोसायटीत कुणाच्या अंगावर फोड आला, की तो डॉक्टरांना दिसायच्या आधी आत्माराम पेंडुरकरांना दाखवावा लागे. दाखवला नाही, तरी ते स्वतः बघायला येत. शर्टाच्या खिशात दोन पेनांच्या शेजारी त्यांची सहा इंची प्लास्टिकची पट्टी कायम उभी असे. चष्मा कपाळावर चढवून ते ती पट्टी फोडाच्या कडेला धरत आणि मिलिमीटर मोजत. पाचच्या आत असला तर 'व्हेसिकल'. पाचच्या वर गेला तर 'बुला'. आत पू दिसला तर 'पस्ट्यूल'. नुसतं 'फोड आलाय' असं कुणी म्हटलं, की त्यांचा चेहरा दूध नासल्यासारखा व्हायचा.

"फोड काय फोड! फोड आंब्याची असते. माणसाला व्हेसिकल होतं."

चेअरमन धर्मेशभाईंना नव्या बुटांनी टाच सोलली, तेव्हा पेंडुरकर लिफ्टपाशी खाली बसले, माप घेतलं आणि गंभीरपणे म्हणाले, "धर्मेशभाई, ये बुला है."

"किसको बुला?" धर्मेशभाई आजूबाजूला बघायला लागले.

पेंडुरकर डॉक्टर नव्हते, कंपाउंडरही नव्हते. मुंबईतल्या एका मोठ्या इस्पितळाच्या रेकॉर्ड विभागात त्यांनी एकतीस वर्षं काढली. रोग्याला कधी हात लावला नाही, पण रोग्यांचे कागद त्यांच्याइतके कुणी हाताळले नसतील. डॉक्टरांचं अक्षर लावणारा अख्ख्या इमारतीत तो एकच माणूस, असं निरोपसमारंभात कुणीतरी म्हणालं होतं. ते वाक्य आणि लायब्ररीने रद्दीत काढलेला एक जाडजूड वैद्यकीय शब्दकोश, एवढं घेऊन ते चाळीतली खोली विकून मीरा रोडला आले. इथे आल्यावर वर्षभरात सोसायटीचे सेक्रेटरी झाले. दुसरं कुणी व्हायला तयार नव्हतं, हे त्यांना कुणी सांगितलं नाही.

त्यांची बायको सुचेता. मराठी घेऊन बी.ए. झालेली, त्यामुळे शब्दांशी तिचंही काही नातं होतं. पण ते दाखवण्याची वेळ घरात फारशी यायची नाही. एकदा तिने सहज विचारलं होतं, "व्हेसिकल म्हटल्यावर औषध बदलतं का हो?"

"औषध हा डॉक्टरांचा विषय. माझा विषय नोंद."

"आणि तो आला कशाने, हे कळतं का व्हेसिकल म्हटल्यावर?"

"सुचेता, आधी आकार कळला पाहिजे. कारण नंतर."

ते 'नंतर' त्यांच्या एकतीस वर्षांत कधी आलंच नव्हतं. कारणांचा रकाना डॉक्टर भरायचे.

पेंडुरकरांची दुसरी खोड म्हणजे मार्किंग. इस्पितळाच्या धुलाईखात्यात दशरथ नावाचा एक परीट होता. तो चादरींच्या कोपऱ्यावर बिब्ब्याच्या रसाने वॉर्डचे नंबर घालायचा. बिब्ब्याला टोचा मारायचा, काळा चीक निघाला की काडीने नंबर काढायचा, वर चुना दाबायचा. कपडा फाटला तरी नंबर जात नसे. जेवणाच्या सुट्टीत पेंडुरकर ते बघत बसायचे. मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये दशरथ त्याच चादरी दोनदा सोड्याच्या पाण्यात खदखदवून मगच वॉर्डात पाठवायचा, ते मात्र त्यांनी पाहिलं नव्हतं. तोवर सुट्टी संपायची.

दोन हजार एक साली गच्चीवरच्या दोरीवरून त्यांचा एक टॉवेल गेला. तो बी-विंगमध्ये गेला अशी त्यांची पक्की खात्री होती. तेव्हापासून घरातल्या प्रत्येक कपड्याच्या कोपऱ्यावर 'आ. पें. ३०४' आलं. टॉवेल, उशांचे अभ्रे, सुचेताचे परकर, देवघरातलं वस्त्र, काही सुटलं नाही. अक्षरांनंतरचे पूर्णविराम ते विशेष दाबून द्यायचे. टिंब नसलं तर ते संक्षिप्त रूप कसलं? रस त्यांनी खोकल्याच्या औषधाच्या रिकाम्या बाटलीत भरून ठेवला होता आणि त्यावर लाल शाईने चिठ्ठी चिकटवली होती: 'मार्किंग'. घरात बिब्बा हा शब्द कुणी उच्चारत नसे. "आज जरा मार्किंग करायचंय," असं ते इतक्या भारदस्तपणे म्हणायचे, की आत ऑपरेशनची तयारी चालली असावी असं वाटे. हळूहळू सुचेताही विसरून गेली की त्या बाटलीत आहे काय.

दोन हजार चारच्या डिसेंबरात त्यांची मुलगी मृणालिनी बाळंतपणाला माहेरी आली आणि तिला मुलगी झाली. सुचेताने आपल्या जुन्या, धुऊन धुऊन लोण्यासारख्या झालेल्या साड्यांची सोळा दुपटी शिवून ठेवली होती. उकळून, उन्हात वाळवून, इस्त्री करून तिने ती कपाटात रचली. लेक इस्पितळातून घरी यायच्या आदल्या दुपारी पेंडुरकरांनाही वाटलं, आपणही नातीसाठी काही करावं. सुचेता दळण आणायला गेली होती. परत आली तर सोळाच्या सोळा दुपट्यांच्या कोपऱ्यावर ठसठशीत काळ्या अक्षरांत 'आ. पें. ३०४'.

"अहो, तान्ह्या बाळाची दुपटी कोण चोरणार आहे?"

"टॉवेल चोरणारेच."

परत धुवायची म्हणजे सोळा दुपटी. तिला उद्याचा डबा, डिंक, अळीव, सगळंच दिसत होतं. कोपऱ्यातच तर आहे, असू दे, असं म्हणून तिने कपाट लावून घेतलं. ते लावून घेणं तिला पुढे बरेच दिवस आठवत राहिलं.

बाळाला न्हाऊ-माखू घालायला सरूबाई यायची. घोडबंदरची. साठीची, काटक, गुडघ्यापर्यंत कासोटा, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. बाप मिठागरात राबलेला, नवरा मिठागरात राबलेला. मिठागरं बंद पडली तसे तिने हात तेलात घातले. या सोसायटीत आठ वर्षांखालचं एकही पोर असं नव्हतं, जे सरूबाईच्या लांब केलेल्या पायांवर पालथं पडून रडलेलं नाही. पुढच्या महिन्यात बी-विंगच्या विनिताबेनची सून बाळंत व्हायची होती. तिचंही सरूबाईलाच सांगून ठेवलेलं होतं. शेजारच्या दोन इमारतींतही तिची एकेक बाळंतीण होती. सकाळी सातच्या बसने यायची आणि या चार घरांवर तिचं घर चालायचं.

"काय गो, रात्री आयशीला झोपू दिलास का न्हाय?" ती बाळाला विचारायची. बाळ हुंकारायचं. "न्हाय म्हनतंय बगा. आजोबासारकी हाय, जागरनाची."

आठव्या दिवशी सकाळी तिने बाळाचं दुपटं सोडलं आणि तिचा हात थांबला. "बाय, हिकडं या जरा."

बाळाच्या उजव्या खांद्याच्या मागे, मानेखाली, दोन फोड आले होते. एक मुगाएवढा, एक मसुरीहून मोठा, पाण्याने भरलेले. भोवतीने कातडी लाल.

मृणालिनी रडायलाच लागली. पेंडुरकर पट्टी घेऊन आले.

"हलवू नका तिला. चार... साडेचार. हे व्हेसिकल. आणि हे... सहा. सहा! हा बुला." त्यांचा आवाज काळजीने कापत होता हे खरं, पण त्या कापण्यात थोडा आनंदही होता हे सुचेताला ऐकू आलं. नातीच्या खांद्यावर एकाच वेळी दोन्ही प्रकार.

सरूबाई पट्टीकडे बघतच नव्हती. तिने वाकून वास घेतला, बोटाने आजूबाजूची कातडी चाचपली. "फोड हायत. पन ह्ये घामाचं न्हायत, किड्याचं न्हायत. बिबा उतल्यावानी दिसतंय ह्ये."

पेंडुरकर ताडकन उभे राहिले. "काय म्हणालीस? बिब्बा?"

"व्हय. बिबा लागला ना, का असाच उततो."

"म्हणजे तू बिब्बा लावलास! माझ्या नातीला बिब्बा लावलास!"

"मी?" सरूबाई बघतच राहिली. "मी खोबरेलाच्या तेलाबिगर काय आनलाय तुमच्या घरात?"

"मग तुला कसं कळलं बिब्बा आहे ते? डॉक्टरलासुद्धा एका नजरेत कळत नाही, तुला कसं कळलं?"

या प्रश्नाला सरूबाईकडे उत्तर होतं, पण ते ऐकायला कुणी थांबलं नाही. पेंडुरकरांनी दार उघडून धरलं. सुचेता मधे बोलायला गेली, तर ते म्हणाले, "तू गप्प राहा, हा मेडिकल विषय आहे." आणि बत्तीस वर्षांच्या सवयीने ती गप्प राहिली. सरूबाईने बाळाला दुपट्यात गुंडाळून मृणालिनीच्या हातात दिलं, आपली तेलाची वाटी पदराला पुसली आणि निघून गेली. बाळाला गुंडाळलं ते दुपटं कपाटातलंच होतं, नवं घडीचं.

दुपारी मुलांच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर तरुण होते, घाईत होते. "अंगाला काहीतरी लागलंय. काय लागलं असेल?" त्यांनी विचारलं.

"मालीशवाली," पेंडुरकर म्हणाले.

डॉक्टरांनी एकदा त्यांच्याकडे पाहिलं, मलम लिहून दिलं, "जे काय लागलं ते बंद करा, चार दिवसांत बरं होईल," म्हणाले. कागदावर इंग्रजीत त्यांनी एक शब्द लिहिला होता. जिना उतरताना पेंडुरकरांनी तो लावला आणि तिथेच थबकले. "बघ! व्हेसिकल्स! त्यांनीही व्हेसिकल्सच लिहिलंय!" परीक्षेत पास झाल्यासारखे ते रिक्षात बसले. बाळ रडत होतं.

दुसऱ्या दिवशी खालच्या काचेच्या फलकात सूचना लागली:

'सर्व सभासदांस कळविण्यात येते की, सरूबाई (मालीश) या बाईच्या अशास्त्रीय उपचारांमुळे ३०४ मधील नवजात बालिकेस व्हेसिकल्स व बुला उद्भवले आहेत. सदर बाईस सोसायटीत प्रवेश देऊ नये. आ. पें., सेक्रेटरी.'

व्हेसिकल्स म्हणजे काय हे कुणाला कळलं नाही, आणि म्हणूनच सगळे घाबरले. 'फोड' लिहिलं असतं तर बायकांनी विचारलं असतं, कुठे, कसे, कशाने. 'बुला उद्भवले' म्हटल्यावर विचारण्यासारखं काही उरलंच नाही. विनिताबेनने वॉचमनला सांगितलं, "वो तेलवाली आए तो ऊपर मत भेजना." शेजारच्या इमारतीतल्या एका बाळंतिणीच्या सासूने फलक वाचला आणि घरी जाऊन तिचंही बंद केलं. दुसरीने तिचं ऐकून केलं. सकाळच्या सातच्या बसने आलेली सरूबाई गेटवरूनच परत गेली. सुचेताने तिला वरून, गॅलरीतून पाहिलं. हाक मारली नाही. कपड्यांचे चिमटे मोजत राहिली.

दहाव्या दिवशी सकाळी बाळाच्या डाव्या खांद्यावर आणखी एक फोड आला.

आता सरूबाई नव्हती. तेल नव्हतं. मृणालिनीच्या हाताशिवाय बाळाला कुणाचा हात लागला नव्हता. पेंडुरकरांनी माप घेतलं, "तीन मिलिमीटर. व्हेसिकल," आणि परत एकदा माप घेतलं. "हे रेसिड्युअल असणार," ते म्हणाले.

सुचेता ओलं दुपटं धुवायला घेऊन गेली. कोपरा चोळताना बोटांना चिकट लागलं. तिने हात पाहिला. अंगठ्याला सकाळपासून खाजत होतं, ते तिला आता जाणवलं. तिथे ज्वारीच्या दाण्याएवढा, पाण्याने टपोरलेला फोड होता. तिने कोपरा नाकाशी नेला. तो करपट वास तिने लहानपणी आजोळी घेतला होता, पायात काटा मोडला तेव्हा. बिब्बा तापवून काट्यावर टेकवायचे आणि म्हणायचे, जास्त लावू नका, उतेल.

ती बाहेर आली. पेंडुरकर शब्दकोशात 'रेसिड्युअल' शोधत होते.

"मार्किंग कशाचं असतं हो?"

"कशाचं म्हणजे? मार्किंगचं."

"त्या बाटलीत काय आहे?"

"फ्लुइड."

"कुठून आणता?"

"भाईंदरहून. त्या काष्ठौषधीवाल्याकडून."

"त्याच्याकडून काय आणता?"

पेंडुरकरांनी पान उलटलं. मग परत उलटलं. "बिब्बे," ते शेवटी म्हणाले. आणि लगेच, "पण तो वेगळा! तिचा बिब्बा गावठी. हा हॉस्पिटलचा."

"झाड वेगळं असतं का हॉस्पिटलचं?"

तिने त्यांना हाताला धरून आत नेलं. मृणालिनी बाळाला मांडीवर घेऊन बसली होती. सुचेताने कपाटातून एक घडीचं दुपटं काढलं आणि बाळाला नेहमी गुंडाळतात तसं, कापड अंगाला न टेकवता, नुसतं वर धरून दाखवलं. कोपरा उजव्या खांद्यामागे, मानेखाली आला. 'आ.' चं टिंब लहान फोडाच्या बरोब्बर वर. 'पें.' चं टिंब, जे त्यांनी जरा जास्तच दाबलं होतं, ते मोठ्याच्या वर.

मृणालिनीने आधी दुपट्याकडे पाहिलं, मग खांद्याकडे, मग बापाकडे. "बाबा!" एवढंच ती म्हणाली. बाळाला कडेवर घेऊन ती उठली आणि मोकळ्या हाताने सोळाच्या सोळा दुपटी ओढून बादलीत कोंबायला लागली.

पेंडुरकर पट्टी हातात घेऊन तसेच उभे राहिले. मोजायला काही उरलं नव्हतं.

"ती नोटीस काढा," सुचेता म्हणाली.

"एकदा लागलेली नोटीस अशी काढता येत नाही. सोसायटीची शिस्त आहे. पंधरा दिवस राहते, मग आपोआप निघते."

"पंधरा दिवसांत त्या बाईच्या घरी चूल पेटायची कशी? आणि पंधरा दिवसांनी तिला परत बोलावणार कोण?"

रेकॉर्ड विभागात चूक झाली तर नवा कागद जोडायचा असतो, जुना फाडायचा नसतो, असं काहीतरी पुटपुटत ते शब्दकोशाकडे वळले.

अकराव्या दिवशी सुचेताने "भाजी आणते" सांगितलं आणि काशीमिऱ्याहून ठाण्याची बस धरून घोडबंदरला उतरली. लग्नानंतर 'भाजी आणते' म्हणून ती इतक्या लांब पहिल्यांदाच गेली होती. सरूबाई पडवीत सुकट निवडत बसली होती. सुचेताला पाहून उठली नाही, पण पाट पुढे सरकवला.

"पोर कशी हाय?"

पहिला प्रश्न तो. सुचेता पाटावर बसली. मग तिने सगळं सांगितलं. बाटली, काडी, कोपरा, टिंबं. सरूबाई ऐकत होती आणि सुकटीतले खडे बाजूला टाकत होती. टिंबांपाशी आल्यावर तिचा हात थांबला आणि ती खुदकन हसली.

"म्हंजी भावोजींनी सही केली पोरीच्या अंगावर."

"हसू नका हो. मला आधी बोलायला हवं होतं."

"हवा होता," सरूबाई म्हणाली, अगदी सरळ. मग पुढे बोलली, "बाय, मिठागरात आमच्या मानसांच्या पायांना ह्या येवढ्या भेगा पडायच्या. माजी आय बिबा कडवून त्यात भरायची. कुटं लावायचा, किती लावायचा, कुनाला न्हाय लावायचा, आमाला चालाय लागायच्या आदी ठाव. आठ दिसाच्या पोरीला मी बिबा लावन? मी येडी हाय? मी वळखला म्हनून मीच चोर. त्यानला वळखता आला न्हाय म्हनून त्ये डाक्टर."

सुचेता म्हणाली, "उद्या बारसं आहे. तुम्ही या. तुमच्यासाठी साडी आणलीय."

"साडी ऱ्हाऊ द्या. माजा नाव ज्या काचंत चिकटवला, त्याच काचंत दुसरा कागद पायजे. आनि मी हुबी असताना. चार घरं ग्येली माजी, बाय. घरं कागदान् ग्येली, कागदानच परत येतील."

त्या रात्री सुचेताने नवऱ्याला जेवताना स्पष्ट सांगितलं: नवी सूचना लागली नाही, तर बारशाला ती पाळण्यापाशी उभी राहणार नाही, आणि कारण विचारणाऱ्या प्रत्येक बाईला कारण सांगेल. मृणालिनी म्हणाली, "आणि मी उद्याच डोंबिवलीला निघते." पेंडुरकरांनी घास खाली ठेवला. एका घरात एवढी बंडं त्यांनी नोंदली नव्हती.

सकाळी ते मात्र टवटवीत उठले. शब्दकोशात त्यांना सापडलं होतं. "सुचेता, ऐक! व्हेसिकंट! फोड आणणाऱ्या पदार्थाला व्हेसिकंट म्हणतात! आणि त्या क्रियेला व्हेसिकेशन! पूर्वी डॉक्टर मुद्दाम करायचे हे, औषध म्हणून. म्हणजे मी केलं ते..."

"ते काय?"

"ते एका अर्थी शास्त्रोक्तच होतं."

सुचेताने हातातला झारा ओट्यावर ठेवला आणि त्यांच्याकडे नुसतं पाहिलं. ते घाईने कागदाकडे वळले. अर्ध्या तासात सूचना तयार झाली. सुंदर अक्षर, समास सोडलेला. 'पूर्वसूचनेच्या अनुषंगाने कळविण्यात येते की, सदर व्हेसिकेशन हे बाह्य व्हेसिकंट पदार्थाच्या संपर्काने घडून आल्याचे निदर्शनास आल्यामुळे पूर्वीची सूचना रद्द समजण्यात यावी.'

सुचेताने वाचून कागद परत दिला. "यात माणूस कुठे आहे?"

"सूचनेत माणूस नसतो."

"पहिल्या सूचनेत होता. नावासकट."

"त्यात बदल करता येणार नाही. मसुदा फायनल आहे."

"ठीक आहे," सुचेता म्हणाली. ती इतक्या सहज ठीक आहे म्हणाली, की पेंडुरकरांना जरा भीतीच वाटली.

बारसं संध्याकाळी पाचचं. साडेचारला खाली लॉबीत गर्दी जमायला लागली. बी-विंगच्या बायका, हातात घुगऱ्यांना आणलेल्या पिशव्या आणि बाळाला आणलेले झबल्यांचे खोके. विनिताबेन होती, पोटुशी सून होती, शेजारच्या इमारतीतल्या दोघी सासवा होत्या. त्यांना सुचेताने मुद्दाम बोलावलं होतं. धर्मेशभाई चेअरमन म्हणून लिफ्टपाशी उभे. पेंडुरकरांनी धुतलेला झब्बा घातला होता आणि फलकाची काच सरकवून नवा कागद टाचणीने लावला होता. गेटवर वॉचमन गोंधळलेला होता, कारण सरूबाई नव्या लुगड्यात ताठ चालत आत आली होती आणि तिच्यासोबत ३०४ च्या बाई स्वतः होत्या.

सरूबाई फलकासमोर उभी राहिली.

"मना वाचाला येत न्हाय," ती मोठ्याने म्हणाली. "भावोजी, तुमीच वाचा."

पेंडुरकरांनी घसा साफ केला आणि वाचलं. इस्पितळाच्या सुरात, एका दमात. वाचून झाल्यावर त्यांना वाटलं, संपलं.

"व्हेसिकेशन म्हंजी काय?" सरूबाईने विचारलं.

"ती एक... वैद्यकीय संज्ञा आहे."

"कशाची?"

"फोड येण्याची," त्यांनी कबूल केलं. माणसाच्या फोडाला चारचौघांत फोड म्हणण्याची त्यांची ही पहिलीच वेळ.

"आनि त्यो दुसरा? कंट?"

"व्हेसिकंट. फोड आणणारा पदार्थ."

"कंचा पदार्त?"

"तो... म्हणजे शास्त्रीय नाव आहे त्याचं लांबलचक."

"आमच्या नावानं सांगा."

"बिब्बा."

बायकांत कुजबुज झाली. विनिताबेनने सुनेच्या कानात काही सांगितलं. एक सासू म्हणाली, "बघ, मी म्हणत नव्हते, बिब्बाच लावला असेल हिने!" सुचेता त्या सासूकडे बघत राहिली, पण बोलली नाही. आता तिने बोलायचं नव्हतं.

"बिबा," सरूबाईने मान डोलावली. "बरा. त्यो पोरीला लागला कसा?"

"दुपट्याला होता."

"दुपट्याला कुनी लावला?"

पेंडुरकरांनी धर्मेशभाईंकडे पाहिलं. धर्मेशभाई लिफ्टचे आकडे वाचत होते. त्यांनी वॉचमनकडे पाहिलं. वॉचमन तर उघड उघड मजा बघत होता. जिन्यात मृणालिनी बाळाला घेऊन उभी होती. तिच्याकडे त्यांना बघवलं नाही.

"मी," ते म्हणाले.

इतकं हळू म्हणाले, की मागच्या बायकांनी "काय? काय म्हणाले?" असं विचारलं आणि पुढच्यांनी त्यांना सांगितलं, "ते म्हणतात, त्यांनी लावला. दुपट्यांवर नंबर घातले बिब्ब्याने." "तान्ह्या पोराच्या दुपट्यावर? कशाला?" "चोरीला जाऊ नये म्हणून." कुणीतरी हसलं. मग सगळ्याच हसल्या. हसताहसता विनिताबेन पुढे झाली आणि सरूबाईचा हात धरून म्हणाली, "सरूबाई, मेरी बहू का अगले महीने है, याद है ना? आप ही आना, हाँ. वो कागज़ में क्या लिखा था, किसी को समझा ही नहीं." मघाची ती सासू मात्र पिशवीत काहीतरी शोधत बाजूला झाली आणि मग तिनेही, जाता जाता विचारल्यासारखं विचारलं, "उद्यापासून येता ना आमच्याकडे?"

"यीन," सरूबाई म्हणाली. पण तिची नजर फलकावरच होती. "भावोजी, आता ज्ये बोललात, त्येच ह्यात लिवा. खाली जागा हाय. मोटा लिवा. ज्यानला वाचाला येतं त्यानला कलंल असा."

पेंडुरकरांनी सुचेताकडे पाहिलं. सुचेताने त्यांच्या खिशाकडे पाहिलं, जिथे दोन पेनं होती.

त्यांनी कागद खाली घेतला आणि काचेवर टेकवला. ओळ वाकडी जाऊ नये म्हणून खिशातली पट्टी काढून खाली धरली. ती सवय त्यांना अशा वेळीही सुटली नाही. मग लिहिलं: 'फोड माझ्या बिब्ब्यामुळे आले. सरूबाईंचा काही दोष नाही.' एकेक अक्षर मोठं, सुटं. वॉचमन हळूच मोठ्याने वाचत होता आणि सरूबाई ओठ हलवत ऐकत होती.

वाक्य संपलं. खाली त्यांनी सही करायला पेन टेकवलं. 'आ' लिहिलं आणि त्यापुढे ठसठशीत पूर्णविराम द्यायला पेन जोरात दाबलं.

"टिंब जरा हळू द्या, भावोजी," सरूबाई म्हणाली.